पावतीच्या मागचं बारीक अक्षर



तुम्ही मला कवितेवर बोल म्हणालात. कविता पुढच्या बैठकीत वाचीन. आज पैशावर बोलतो. आपल्यातली तीन-चार पोरं या महिन्यात फिल्मच्या, अ‍ॅनिमेशनच्या खासगी इन्स्टिट्यूटात पैसे भरायच्या बेतात आहेत. मीही त्यातलाच. म्हणजे मागच्या मंगळवारपर्यंत होतो.

मी इंदिरा डॉकवर कंत्राटदाराच्या टोळीत आहे. माझा बाप डॉक लेबर बोर्डाच्या पटावर होता. पाळी नाही लागली तरी हजेरीचे पैसे मिळायचे, ते १९४८ च्या कायद्यामुळं. मी पटावर नाही, वहीत आहे. वही कंत्राटदाराच्या खिशात. मॅट्रिकला शाळा सुटली. रात्री लिहितो. सिनेमाची गोष्ट कागदावर कशी मांडतात हे मला येत नाही, आणि ते शिकायची भूक आहे. ही भूक खोटी नाही, कुणी हसू नये.

आता दारं बघा. जे. जे. १८५७ सालचं. तिथं पदवीला बारावी लागते. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट १९६० ची, तिथं बहुतेक कोर्सला पदवीच लागते. मी दहावी. मग गेलो अंधेरीला, एका खासगी ठिकाणी. एसी केबिन. पाण्याची बाटली. समोरची बाई मला 'सर' म्हणाली. डॉकवर मला 'ए' म्हणतात. माझी मार्कशीट तिनं उलटूनही पाहिली नाही. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू? आयुष्यभर दारात अडवलेल्या माणसाला कुणी 'या' म्हटलं की तो खिशात हात घालतोच. हे त्या लोकांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

एका वर्षाचे चार लाख. मी विचारलं, पदवी कुणाची? म्हणाली, सर्टिफिकेट, 'इंडस्ट्री रेकग्नाइज्ड'. १९५६ च्या यूजीसी कायद्याचं २२ वं कलम सांगतं की पदवी फक्त कायद्यानं झालेलं किंवा तसा दर्जा मिळालेलं विद्यापीठ देऊ शकतं. या इंडस्ट्रीला कुणी विद्यापीठ केलं? मान्यताच नाही म्हटल्यावर भारत सरकारची शिष्यवृत्ती नाही, फ्रीशिप नाही. आपल्या बापजाद्यांनी भांडून मिळवलेली सगळी कागदं त्या दाराबाहेर ठेवायची आणि आत फक्त पाकीट न्यायचं.

पैसे नाहीत म्हटलं, तर फायनान्सवाला शेजारच्याच केबिनीत. बारा टक्के, पाच वर्षं. मी घरी येऊन हिशेब केला : महिना सुमारे ८,९००, एकूण ५ लाख ३४ हजार. काम लागो न लागो. त्यांचे पैसे पहिल्याच दिवशी वसूल. पुढचा सगळा जुगार माझ्या पाठीवर.

मी गप्प बसलो तसा तो फायनान्सवाला म्हणाला, "तुमचे आंबेडकरसुद्धा कर्ज काढूनच शिकले ना?"

आयला, माझ्या गळ्यातलं लॉकेट बघून बोलला. तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही, आज इथं उत्तर देतो. १९१३ ला बाबासाहेब कोलंबियाला गेले ते सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर, आणि बदल्यात दहा वर्षं बडोद्याची नोकरी करण्याचा करार लिहून दिला. १९२० ला लंडनला परत जाताना कर्ज घेतलं हे खरं. नवल भथेना या मित्राकडून, पाच हजार. पण कोलंबिया आणि लंडन ही विद्यापीठं होती, दुकानं नव्हती. आणि स्वतः कॉलेज काढलं तेव्हा, १९४६ ला, सिद्धार्थमध्ये वर्ग सकाळचे ठेवले, नोकरी करणाऱ्या पोराला शिकता यावं म्हणून. फायनान्सवाल्या, हे तुझ्या ब्रोशरात छाप.

आमच्या चाळीतला एक जण असंच अ‍ॅनिमेशन शिकला. आता रात्रपाळीत कॉम्प्युटरवर बसून सिनेमातल्या नटाच्या कडा कापतो, चित्रामागून चित्र. रोटो म्हणतात त्याला. माझ्या हमालीत आणि त्याच्या हमालीत फरक एवढाच की त्याच्यावर हप्ता आहे. पण तो एक गोष्ट सांगतो, तीही तुमच्यापुढं ठेवतो : मशीन तिथंच हाताला मिळालं, ओळखी तिथंच झाल्या. चाळीत बसून त्या झाल्या नसत्या. याचं उत्तर माझ्याकडं नाही.

हा धंदा अमेरिकेत आपल्याआधी चालला. 'द आर्ट इन्स्टिट्यूट्स' नावाची नफेखोर कॉलेजांची साखळी होती. शेवटची आठ ठिकाणं सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाली. नोकऱ्यांचे आणि पगाराचे आकडे खोटे सांगून पोरं भरली, असं तिथल्या सरकारनं ठरवलं आणि मे २०२४ मध्ये ३ लाख १७ हजार जणांचं ६१० कोटी डॉलरचं कर्ज माफ केलं. ते कर्ज सरकारी होतं. आपलं फायनान्स कंपनीचं. ते कोण माफ करणार?

बाप म्हणाला, "माझा फंड आहे, घे." तोच फंड बहिणीच्या नर्सिंगचा. मी नाही म्हटलं. आठवडा झाला, माझ्याशी बोलत नाही. त्याला वाटतं पोरगं भ्यालं. थोडं भ्यालोही असेन.

बारावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरणार आहे. त्यानं लगेच पटकथा येणार नाही हे मलाही कळतं, पण निदान जे. जे.च्या दारात 'बारावी नाही' हे ऐकावं लागणार नाही. ज्यांना तरीही तिकडंच भरायचंय, त्यांनी भरण्याआधी पावतीचा नमुना मागून आणा. एकदा भरलेली फी परत नाही, हे मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतं. सगळं मिळून वाचू. मी रविवारी इथंच आहे. पाळी लागली तर सोमवारी.