चाळिशी आणि काचबिंदू

वयाला आणि चष्म्याला आपण ‘चाळिशी’ हा एकच शब्द वापरतो, तो उगीच नव्हे. त्या सुमारास डोळ्यांतील भिंग ताठर होते आणि वर्तमानपत्र लांब धरावे लागते. हा रोग नव्हे. पण बाजारातून तयार चष्मा आणला, अक्षरे दिसू लागली, की आपण डोळ्यांना विसरतो. काचबिंदू इथेच डाव साधतो. तो बहुधा दुखत नाही. कडेची नजर हळूहळू खातो. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने बहुधा परत मिळते, काचबिंदूने गेलेली मिळत नाही. म्हणून आमचे सांगणे एवढेच, की चाळिशीचा नंबर काढाल तेव्हाच डोळ्यांतील दाब आणि दृष्टीची नस डॉक्टरांकडून तपासून घ्या. आईवडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू असेल, तर मुळीच हयगय नको.