दाबलेली कळ सुटली का?

वर्तमानपत्राच्या कचेरीत जसा मुद्रितशोधक असतो, तसा आमच्या संगणकाच्या धंद्यात कोड तपासणारा असतो. एकानं प्रोग्रॅम लिहायचा आणि दुसऱ्यानं तो ओळ न् ओळ वाचायचा. पुण्यात हे काम करता करता माझे केस पिकले. आज तुम्हाला त्यातल्या एका चुकीची गोष्ट सांगणार आहे. चूक लिहिणाऱ्याची होती, पण त्याहून अधिक माझी होती.

तो प्रोग्रॅम होता आभासी कळफलकाचा. म्हणजे टेबलावर कीबोर्ड नाही, पण संगणकाला वाटतं की आहे. लिनक्स या प्रणालीच्या गाभ्यात, ज्याला कर्नल म्हणतात, त्यात 'यूइनपुट' नावाची सोय आहे. तिच्यामार्फत एखादा प्रोग्रॅम 'मी कीबोर्ड आहे' अशी नोंद करतो आणि कळा दाबू लागतो. भाषा अगदी साधी. कळ दाबली की १, सोडली की ०. हा १ खऱ्या बोटाचा की प्रोग्रॅमचा, हे पुढं सहसा कुणी विचारत नाही. म्हणून ही सोय बहुधा प्रशासकाच्याच हाती ठेवलेली असते. नाहीतर कुठलाही आगंतुक प्रोग्रॅम तुमच्या नावानं टंकत बसेल.

माझ्या एका तरुण सहकाऱ्यानं हा प्रोग्रॅम आपल्या शेजारच्या सरांसाठी लिहिला होता. सर निवृत्त शिक्षक. पक्षाघातानंतर त्यांची वाचा गेली आणि हाताचं एकच बोट तेवढं हलायचं. त्या बोटाखाली एक मोठं बटण. पडद्यावर अक्षरं एकेक करून उजळत जायची. हवं ते आलं की सर बटण दाबायचे. बटण दाबून ठेवलं तर कळही दाबलेली राहावी, म्हणजे चार अक्षरं सलग खोडता यावीत, अशीही सोय त्यानं केली होती.

मी कोड वाचला. नावं नीट दे, ही ओळ लांब झाली, इथं टीप लिही, अशा ११ सूचना केल्या. त्यानं त्या सगळ्या मान्य केल्या. मी 'तपासलं, ठीक आहे' असं लिहून मोकळा झालो.

महिन्याभरानं तो खाली मान घालून आला. सर नातवाला पत्र लिहीत होते. दीड तास खपून ९०० अक्षरं झाली होती. एक अक्षर चुकलं म्हणून त्यांनी खोडायची कळ निवडली आणि नेमक्या त्याच क्षणी बटणाची वायर निसटली. कळ दाबलेली राहिली की ती सेकंदाला साधारण ३० वेळा पुन्हा उमटते. अर्ध्या मिनिटात पत्र कोरं झालं. सर बघत होते. थांबवायला त्यांच्याकडे एकच बटण होतं आणि तेच निकामी झालं होतं. काकू स्वयंपाकघरातून येईपर्यंत पडद्यावर काही उरलं नव्हतं.

मी कोड पुन्हा उघडला. 'बटणाशी संपर्क तुटला तर इथूनच मागं फीर' अशी ओळ होती. ती बरोबरच होती. पण मागं फिरण्याआधी ० पाठवायची ओळ नव्हती. प्रोग्रॅम बंद पडला असता तर कर्नलनं तो आभासी कीबोर्ड काढून टाकला असता आणि अडकलेल्या कळा स्वतःच सोडल्या असत्या. पण प्रोग्रॅम जिवंत होता, नुसता वाट पाहत बसला होता. कर्नलच्या लेखी बोट अजून कळेवरच होतं.

माझ्या अकराही सूचना लिहिलेल्या ओळींवर होत्या. न लिहिलेली ओळ मी शोधलीच नव्हती. तेव्हापासून मी कोड वाचताना कागदावर दोन रकाने आखतो. डावीकडे प्रत्येक १, उजवीकडे त्याचा ०. मग प्रोग्रॅम जिथून जिथून मधेच बाहेर पडू शकतो, त्या प्रत्येक वाटेनं बोट फिरवून बघतो, की इथं कळ सुटली का? आणि शेवटी वायर खरोखरच उपसून पाहतो.

लिनक्सच्या कर्नलमध्ये एक चांगली प्रथा आहे. एखादा बदल स्वीकारला की लिहिणाऱ्याच्या नावाबरोबर, ज्यानं तो तपासल्याची ग्वाही दिली त्याचंही नाव त्या नोंदीत राहतं. ते नाव म्हणजे शाबासकी नव्हे, जामीन आहे.

दुरुस्ती झाल्यावर आम्ही दोघं सरांकडे गेलो. त्यांनी चार शब्द लिहिले, खोडायची कळ धरली आणि काकूंकडे पाहिलं. काकूंनी वायर ओढली. एक अक्षर गेलं आणि खोडणं थांबलं. सरांनी पुन्हा वायर लावायची खूण केली. त्यांना ते आणखी दोनदा करून बघायचं होतं. तपासणी कशी करावी, हे मला त्या दिवशी सरांनी शिकवलं.