ओळखपत्रावर धर्माचा रकाना हवा काय?

(बुलढाणा येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



बुलढाणा जिल्ह्यातील कोणत्याही घरात जुनी कागदपत्रे जपून ठेवलेली असतात. त्यांत शाळा सोडल्याचा दाखला हमखास सापडतो. त्यावर विद्यार्थ्याचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख आणि जन्मस्थळ यांच्याबरोबर धर्म, जात आणि पोटजात यांचाही रकाना असतो. त्याच घरात आधार कार्डही असते, पण त्यावर धर्माचा उल्लेख नसतो. दोन्ही कागद शासनमान्य आहेत. एक कागद धर्म विचारतो आणि दुसरा विचारीत नाही, हा फरक सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. परंतु राष्ट्रीय ओळखपत्राचा विषय निघाला की हाच फरक वादाचा होतो. अशा ओळखपत्रावर नागरिकाचा धर्म नोंदवावा की नाही?

नोंदवावा, असे म्हणणारे अनेक जण राष्ट्रहिताच्या तळमळीनेच बोलतात. हिंदू म्हणवून घेण्याची लाज कशाला, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. धर्म नोंदवला की घुसखोर हुडकणे सोपे होईल, हे त्यांचे दुसरे म्हणणे. हे प्रश्न प्रामाणिक आहेत, म्हणून त्यांची उत्तरेही घोषणांनी न देता विचारपूर्वक दिली पाहिजेत.

कायदा काय सांगतो?

राष्ट्रीय ओळखपत्राची कल्पना कारगिलच्या रक्तातून पुढे आली. १९९९ च्या युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली आढावा समिती नेमली गेली. पुढे तत्कालीन गृहमंत्री लालकृष्ण अडवाणी यांच्या नेतृत्वाखालील मंत्रिगटाने २००१ मध्ये राष्ट्रीय सुरक्षेविषयीचा अहवाल दिला. नागरिक आणि अनागरिक यांची नोंद व्हावी आणि नागरिकांना ओळखपत्र मिळावे, हा विचार त्यात होता. अटलजींच्या सरकारने २००३ मध्ये नागरिकत्व कायद्यात दुरुस्ती करून कलम १४अ घातले. प्रत्येक नागरिकाची सक्तीने नोंदणी करून त्यास राष्ट्रीय ओळखपत्र देण्याचा अधिकार या कलमाने केंद्राला मिळाला.

त्याच वर्षी झालेल्या नियमांत नागरिकाविषयी कोणती माहिती नोंदवायची, याची यादी आहे. नाव, आईवडिलांची नावे, लिंग, जन्मतारीख, जन्मस्थळ, पत्ता, वैवाहिक स्थिती, शरीरावरील ओळखीची खूण आणि नोंदणीचा तपशील एवढेच त्या यादीत आहे. धर्म नाही. ज्या सरकारवर विरोधक ऊठसूट सांप्रदायिकतेचा आरोप करीत, त्याच सरकारने ही यादी केली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या राज्यकर्त्यांपुढे प्रश्न एकच होता : समोरचा माणूस या देशाचा नागरिक आहे की नाही?

ते ओळखपत्र देशव्यापी स्वरूपात आजवर आलेले नाही. दरम्यान आधार आले. २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातीलच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या गावी पहिला आधार क्रमांक देण्यात आला. २०१६ च्या आधार कायद्याने तर वंश, धर्म, जात, जमात आणि भाषा यांची माहिती घेण्यास स्पष्ट मनाई केली. मात्र आधार हे रहिवाशाचे कार्ड आहे, नागरिकाचे नव्हे. आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, असे त्या कायद्याचे कलम ९ सांगते. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र जवळ असल्याने कोणी भारताचा नागरिक ठरत नाही, असे स्पष्ट केले. उणीव आहे ती इथे. भारतीयाच्या खिशात अनेक कार्डे आहेत, पण तो भारतीय आहे हे निर्विवाद सांगणारे कार्ड बहुतेकांकडे नाही.

घुसखोर रकान्याने सापडेल?

बेकायदा सीमा ओलांडून आलेला माणूस ज्या धर्माचा असेल, त्याच धर्माचे कोट्यवधी नागरिक या देशात पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. मग कार्डावरील धर्म वाचून घुसखोर आणि नागरिक यांत भेद कसा करणार? शिवाय खोटे कार्ड करवून घेणारा माणूस धर्मही सोयीचा लिहून घेईल. खोटेपणा शिरतो तो धर्माच्या रकान्यातून नव्हे, तर जन्माच्या नोंदीतून. मालेगाव आणि अकोल्यातील उशिरा केलेल्या जन्मनोंदींविषयी तक्रारी आल्यावर जानेवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने अशी प्रमाणपत्रे देणे थांबवले आणि पुढे त्यासाठी कडक कार्यपद्धती लागू केली. लक्ष घालायचे ते अशा ठिकाणी.

जनगणनेत धर्म विचारतात, मग कार्डावर का नको, असेही विचारले जाते. या दोहोंत मूलभूत अंतर आहे. जनगणनेत धर्म जरूर सांगावा आणि अभिमानाने सांगावा. लोकसंख्येचे बदलते चित्र राष्ट्राला कळलेच पाहिजे. परंतु १९४८ च्या जनगणना कायद्याने ती वैयक्तिक माहिती गोपनीय ठेवली आहे. ती पुरावा म्हणून न्यायालयातही चालत नाही. तिथे राष्ट्र समाजाची बेरीज पाहते. कार्ड मात्र लॉजचा व्यवस्थापक, बँकेतला कारकून, घरमालक आणि नाक्यावरचा शिपाई असे सगळेच पाहतात. यांपैकी कोणालाही समोरच्या माणसाचा धर्म ठाऊक असण्याचे कारण नाही.

नावावरून धर्म कळतोच, असे कोणी म्हणेल. नेहमी कळतो असे नाही. वऱ्हाडात देशमुख आणि पटेल ही आडनावे हिंदूंत आहेत, तशी मुसलमानांतही आहेत. आणि नाव आईवडील ठेवतात. त्यापुढे धर्माचा शिक्का राज्यसंस्थेने मारणे ही निराळी गोष्ट आहे.

बुलढाण्याचा धडा

धर्माच्या रकान्याने काय होते, हे पाहण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २५ लाख ८६ हजार लोकसंख्येच्या या जिल्ह्यात बौद्ध समाज एक दशमांशाहून अधिक आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि वऱ्हाडातील अगणित कुटुंबांनी त्यांच्या मागोमाग ती वाट धरली. मात्र अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट होती. हिंदू, आणि १९५६ च्या दुरुस्तीनंतर शीख, एवढ्यांनाच अनुसूचित जातीचा दर्जा होता. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर राज्याने आपल्या सवलती नवबौद्धांना दिल्या. केंद्राचा दर्जा मिळण्यास मात्र १९९० साल उजाडावे लागले.

ही ३४ वर्षे कशी गेली असतील? मुलाचे नाव शाळेत घालताना धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहावे, तर केंद्रीय नोकरीतील राखीव जागेवरचा हक्क जाणार. ‘हिंदू’ लिहावे, तर बाबासाहेबांना दिलेला शब्द मोडणार. गावकुसाबाहेर शतकानुशतके उपेक्षा सोसलेल्या बापापुढे एका रकान्याने हा पेच उभा केला. मन एक सांगत होते आणि लेकराचे भवितव्य दुसरेच मागत होते. समरसतेचे काम करणाऱ्या प्रत्येकाने हा इतिहास समजून घेतला पाहिजे. रकान्याला हक्क जोडला की माणूस श्रद्धेऐवजी सोय लिहू लागतो, किंवा श्रद्धेची किंमत मोजतो.

अनुसूचित जातींच्या सवलतींना धर्माची चौकट आजही आहे आणि तिला कारणही आहे. अस्पृश्यतेच्या अन्यायाचे परिमार्जन हा त्या सवलतींचा हेतू आहे. धर्मांतर केल्यानंतर केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करणे ही राज्यघटनेशी फसवणूक होय, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये म्हटले. ती तपासणी कसोशीने व्हावी. पण ती जातीच्या दाखल्याच्या वेळी, सक्षम अधिकाऱ्याने करावी. त्यासाठी प्रत्येक नागरिकाच्या कार्डावर धर्म छापण्याचे प्रयोजन नाही.

हिंदू एका रकान्यात मावेल?

सिंदखेडराजा हे राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान. शेगाव ही गजानन महाराजांची समाधिभूमी. मेहकर आणि लोणार ही चक्रधरस्वामींच्या भ्रमंतीतील ठिकाणे. सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत कोरकू, भिल्ल, बारेला बांधव आपल्या देवतांना पूजतात. सैलानीच्या यात्रेला जाणाऱ्यांत हिंदू कुटुंबे असंख्य असतात. वारकरी, महानुभाव, लिंगायत आणि वनवासी यांना सामावणारी ही परंपरा आहे. ती एका ग्रंथाने किंवा एका प्रेषिताने बांधलेली नाही.

अशा समाजापुढे रकाना आला की तो चौकट मागतो. मग प्रत्येक पंथाला आपली स्वतंत्र चौकट हवीशी वाटते, आणि तशी हाव निर्माण करणारेही भेटतात. झारखंड विधानसभेने नोव्हेंबर २०२० मध्ये जनगणनेत सरना धर्माचा वेगळा रकाना मागणारा ठराव केला. जनगणनेच्या कागदापुरता हा वाद एवढा पेटतो, तर तोच रकाना प्रत्येकाच्या खिशातील कार्डावर आल्यास काय होईल? हिंदू समाज एकसंध राहावा असे वाटणाऱ्यांनी तरी त्याचे तुकडे मोजणारे साधन घरोघर पोहोचवू नये.

जगाचा अनुभव

ग्रीसमध्ये ओळखपत्रावर धर्म असे. २००० साली तेथील सरकारने तो काढला. चर्चने प्रचंड मोर्चे काढले, लाखो सह्या गोळा केल्या, पण निर्णय टिकला. इंडोनेशियात मान्यताप्राप्त धर्मांपैकीच एक लिहावा लागे. पूर्वजांच्या श्रद्धा जपणाऱ्यांना नोव्हेंबर २०१७ मध्ये घटना न्यायालयात न्याय मिळाला. मलेशियात मुस्लीम नागरिकाच्या कार्डावर ‘इस्लाम’ छापतात. धर्म बदललेल्या एका महिलेला तो शब्द काढून हवा होता. २००७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायपीठाने तिची मागणी फेटाळली आणि ते काम शरियत न्यायालयाच्या संमतीवर सोपवले. श्रद्धेची किल्ली अशी दुसऱ्याच्या हाती जाते.

पाकिस्तानात १९९२ मध्ये ओळखपत्रावर धर्म छापण्याचा निर्णय झाला होता. ख्रिस्ती आणि अन्य अल्पसंख्याकांच्या तीव्र विरोधामुळे तो मागे घ्यावा लागला. पारपत्रावर मात्र धर्माचा रकाना २००५ मध्ये परत आला. तेथील हिंदूंना अशा रकान्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आणि रवांडात १९९४ साली रस्तोरस्ती माणसे अडवून कार्डावरील वंश वाचला गेला आणि त्यावरून कोणाला जगू द्यायचे हे ठरले. भारत रवांडा नव्हे, हे खरे. पण दंगलीच्या रात्री जमावाच्या हाती सापडणारा प्रवासी कोणत्याही धर्माचा असू शकतो. बहुसंख्य हिंदूही कुठल्यातरी मोहल्ल्यात, कुठल्यातरी जिल्ह्यात अल्पसंख्य असतो.

यावर कोणी विचारील : मग नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात धर्म का आला? कारण पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती निर्वासितांचा छळ धर्मामुळेच झाला होता. आश्रय देताना छळाचे कारण विचारावेच लागते. मात्र दार उघडून आत घेतल्यावर तो भारताचा नागरिक होतो, आणि त्यानंतर त्याच्यात आणि इतर नागरिकांत फरक उरत नाही. त्याने मागे टाकलेला शिक्का येथे त्याच्या कपाळी पुन्हा कशासाठी?

खरा रिकामा रकाना

ओळखपत्राच्या चर्चेत एक वर्ग नेहमी विसरला जातो. लोणार, सिंदखेडराजा परिसरातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातले लेकरू कधी फडावरच जन्माला येते. पारधी पालावर, बंजारा तांड्यावर आणि सातपुड्यातील पाड्यावर जन्माची नोंद वेळेत होतेच असे नाही. ही माणसे या मातीचीच आहेत, घुसखोर नव्हेत. पण उद्या कडक पडताळणी झाली, तर कागदाअभावी पहिल्यांदा अडतील ती हीच. त्यांचा धर्म विचारण्याची कोणाला गरज नाही. त्यांच्या जन्मतारखेचा आणि पत्त्याचा रकाना रिकामा आहे.

जन्माची नोंद २१ दिवसांत विनाशुल्क होते. २०२३ च्या दुरुस्तीनुसार १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मदाखला हाच मुख्य आधार झाला आहे. प्रत्येक शाखेने, प्रत्येक मंडळाने आपल्या परिसरातील एक पाल, एक तांडा, एक वस्ती निवडावी आणि तिथल्या प्रत्येक लेकराची नोंद पूर्ण करून घ्यावी. २०२७ च्या जनगणनेत धर्म आणि भाषा न कचरता सांगावी, शेजाऱ्यालाही सांगण्यास उद्युक्त करावे. आणि राष्ट्रीय ओळखपत्राची मागणी करताना ती नेमकेपणाने करावी : त्यावर नागरिकत्वाची खात्री असावी, खोट्या नोंदीला जागा नसावी आणि धर्माचा रकाना नसावा.

धर्म घराघरात आचरणाने टिकला, पंढरीच्या वाटेवर चालून टिकला. त्यासाठी त्याला कार्डाची गरज कधी पडली नाही. राष्ट्राला मात्र आपला नागरिक कोण, हे ठाऊक असलेच पाहिजे. ओळखपत्राने एवढे एक काम चोख केले, तरी पुष्कळ झाले.