नर्तकांची कसोटी

नर्तकाची निवड करावयाची तर त्याचे नृत्य पाहावे आणि निर्णय द्यावा, ह्याहून सरळ मार्ग तो कोणता? परंतु १९९६ साली चेन्नई हे नाव धारण करणाऱ्या मद्रास शहरात, नृत्यावर उपजीविका करणाऱ्यांची निवड इतक्या सरळपणे क्वचितच झाली. तेथे नर्तकाकडून कधी गाणे मागितले गेले, कधी केवळ तोल मागितला गेला, कधी युद्धकलेचा सराव मागितला गेला. आणि एकदा तर नृत्याचे शिक्षण नसलेल्या तरुणीलाच प्रमुख स्थान मिळाले. ह्या मागण्या चमत्कारिक वाटतात खऱ्या. पण निवडणाऱ्याला नृत्यातून नेमके काय हवे होते, ते त्यांच्यातूनच उघड होते. ते बदलले की वर्षानुवर्षांची साधना एका दिवसात अपुरी ठरते, आणि त्याची किंमत नर्तकाला आपल्या शरीराने मोजावी लागते.

तमिळ प्रदेशात ही कसोटी फार जुनी आहे. ‘शिलप्पदिकारम्’ ह्या प्राचीन महाकाव्यातील माधवी पाचव्या वर्षी शिकू लागते, सात वर्षे शिकते आणि बाराव्या वर्षी चोळ राजापुढे उभी राहते. तिला पारितोषिक मिळते ते १,००८ कळंजु सोन्याचे. विशेष असे, की त्या प्रकरणात कवी नर्तकीच्या गुणांवर थांबत नाही. नृत्याचा आचार्य, गायक, मृदंगवादक, बासरीवादक ह्यांनी काय जाणले पाहिजे, रंगमंच किती लांब-रुंद असावा, हेही तो सांगतो. म्हणजे एका मुलीच्या निमित्ताने साऱ्या मेळाचीच परीक्षा होत असे.

पुढे तंजावरच्या भोसले राजांच्या दरबारी ह्या कसोटीत भाषांची भर पडली. दुसरे सरफोजी (राज्यकाल १७९८ ते १८३२) ह्यांच्या आश्रयाला असलेल्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु ह्या चार बंधूंनी आजच्या भरतनाट्यम्‌च्या कार्यक्रमाचा क्रम घडविला. आणि खुद्द सरफोजींच्या नावे नृत्यासाठी रचलेली मराठी निरूपणे आहेत. तेलुगू, तमिळ आणि मराठी अशा वेगवेगळ्या भाषांतील पदांचा अर्थ हातांनी व डोळ्यांनी सांगावयाचा, तर ऐकीव पाठांतराने भागणारे नव्हते.

ह्या परंपरेतील नर्तकीला गाताही आले पाहिजे, हे गृहीतच होते. वीणा धनम्माळ ह्यांची नात बालसरस्वती (१९१८–१९८४) अभिनय करताना स्वतः गात असत, आणि ते पद त्यांच्या कंठातून व बोटांतून एकाच वेळी उमलत असे. परंतु १९४७ च्या मद्रास कायद्याने देवदासी म्हणून मुली अर्पण करण्यास बंदी केली. कायद्याचा हेतू सुधारणेचा होता. तथापि ज्या घराण्यांनी ही विद्या सांभाळली होती, त्यांतील अनेक स्त्रियांना त्याच सुमारास रंगमंचही दुरावला. १९३६ साली रुक्मिणीदेवी अरुंडेल ह्यांनी स्थापन केलेल्या कलाक्षेत्रासारख्या संस्थांमधून नृत्य नव्या घरांत गेले. तेथे विद्यार्थ्यांना संगीत शिकावे लागे, पण रंगमंचावर गाण्याचे काम बाजूला बसलेल्या गायकाकडे गेले. एक अट अशी गळून पडली.

त्याच वेळी शहराच्या दुसऱ्या टोकाला निराळीच अट जन्म घेत होती. जेमिनी स्टुडिओचे एस. एस. वासन ह्यांचा ‘चंद्रलेखा’ हा चित्रपट १९४८ साली तमिळमध्ये आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हिंदीत झळकला. त्यातील नगाऱ्यांचे नृत्य सर्वांना ठाऊक आहे. प्रचंड नगाऱ्यांच्या रांगा, त्यांच्या माथ्यांवर नाचणाऱ्या स्त्रिया, आणि नृत्य संपताच आतून बाहेर पडणारे सैनिक! सुमारे ४०० नर्तक-नर्तकी आणि सहा महिन्यांच्या तालमी, असे त्याचे वर्णन केले जाते. भूमीवर पाय हक्काने आपटण्याची सवय असलेल्या नर्तकीला येथे उंचावरच्या मोजक्या वर्तुळात, पायांकडे न पाहता आणि शेजारणीशी तंतोतंत जुळवून नाचावयाचे होते. मुद्रांचे सूक्ष्म ज्ञान इथे फारसे उपयोगी नव्हते. दूरवरच्या कॅमेऱ्याला रांग दिसत होती, बोटे नव्हेत. नायिका टी. आर. राजकुमारी ह्या तंजावरच्या कलावंत घराण्यातल्या. त्यांचे नाव फलकांवर झळकले. नगाऱ्यांवरच्या बहुतेक स्त्रियांची नावे आज कोणालाही सांगता येणार नाहीत.

कोडंबाक्कमच्या स्टुडिओंनी पुढे समूहनर्तकांकडून जी कौशल्ये मागितली ती प्रेक्षकाच्या ध्यानातही येत नाहीत. नृत्यदिग्दर्शकाने एकदोनदा करून दाखविलेली हालचाल आठाच्या मोजणीवर उचलावयाची, आणि ती चुकली तर साऱ्या रांगेचे चित्रण पुन्हा. कधी गाणे दुप्पट वेगाने वाजविले जाते आणि कॅमेराही सेकंदाला ४८ चौकटी टिपतो. पडद्यावर ती २४ च्या गतीने दाखविली, की ओठ गाण्याशी जुळतात आणि शरीर मात्र पाण्यात तरंगल्यासारखे संथ दिसते. ती संथ कोमलता पडद्यावर येण्यासाठी नर्तकाने प्रत्यक्षात दुप्पट घाईने नाचलेले असते, आणि तेही चेहऱ्यावर घाई न दिसू देता.

चित्रपटाच्याच नावाची एक स्त्री ह्याच शहरात नेमकी उलट मागणी करणार होती. चंद्रलेखा ह्यांचा जन्म १९२८ साली महाराष्ट्रातील वाडा येथे झाला. मद्रासला येऊन त्या एलप्पा पिळ्ळै ह्यांच्याकडे भरतनाट्यम् शिकल्या, नावाजल्या, आणि पुढे बराच काळ रंगमंचापासून दूर राहिल्या. १९८५ सालच्या ‘अंगिका’मध्ये त्यांनी भरतनाट्यम्‌च्या नर्तकांना केरळच्या कळरिपयट्टु ह्या युद्धकलेच्या आणि योगासनांच्या शेजारी उभे केले. १९८९ च्या ‘लीलावती’त भास्कराचार्यांची गणिते नृत्याचा विषय झाली. देवदेवतांच्या कथा, दागिने, ठरावीक स्मित हे सारे त्यांनी दूर सारले. अरंगेट्रम् झालेल्या नर्तकीला त्यांच्याकडे पहिली अडचण आपल्याच तयारीची येई. वेग तिला येत असे; जमिनीलगत बसून पाठीचा कणा ताठ ठेवणे आणि एक पाय मिनिटभर घेऊन उचलणे हे तिने कधी केलेले नसे. संथपणात तोल लपविता येत नाही.

म्हणूनच तिशानी दोशी ह्यांची निवड समजून घेण्यासारखी आहे. नृत्याचे शिक्षण नसलेली ही तरुण कवयित्री लंडनहून परतली आणि २००१ पासून चंद्रलेखांच्या संचात नाचू लागली. ‘शरीर’ ह्या त्यांच्या अखेरच्या रचनेत दोशींबरोबर होते कळरीचे शाजी जॉन, आणि गुंदेचा बंधूंचे ध्रुपद. विसरावयास काही नसलेले शरीर चंद्रलेखांना सोयीचे वाटले असावे. परंतु ते घडविण्याचे कष्ट त्यामुळे कमी झाले नाहीत. ३० डिसेंबर २००६ रोजी चंद्रलेखांचे निधन झाले. त्यानंतरही दोशी कित्येक वर्षे ‘शरीर’ सादर करीत राहिल्या.