दोन चाकांवरून पाहिलेला माल्टा

(मंडळाच्या मासिक कार्यक्रमात बडोदे येथे झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



कार्यवाहांचा फोन आला, ‘तुम्ही दोघं तीन वर्षं राहून आलात, तर माल्टाबद्दल काहीतरी सांगा.’ आम्ही हो म्हटले आणि लगेच पुढचा प्रश्न आला, ‘ते मालदीवच ना?’ हा प्रश्न आम्हाला इथे उतरल्यापासून निदान वीस जणांनी विचारला आहे, तेव्हा त्याचा निकाल आधी लावून टाकतो. मालदीव आपल्या शेजारी, हिंदी महासागरात. माल्टा भूमध्य समुद्रात. नकाशात इटलीचा बूट ज्या सिसिली बेटाला लाथ मारताना दिसतो, त्या सिसिलीच्या दक्षिणेला साधारण नव्वद किलोमीटरवर. माल्टा, गोझो आणि मधले चिमुकले कोमिनो अशी तीन बेटे मिळून 316 चौरस किलोमीटरचा हा देश. मुख्य बेटाची लांबी 27 किलोमीटर. बडोद्याहून निघावे आणि डभोई यायच्या आत देश संपावा, एवढाच.

आमच्यापैकी एकाला तिथे हिशेबाच्या कामाची नोकरी लागली आणि दुसरा सोबत गेला. कोण कोणासोबत, ते घरातच राहू द्या.

एवढ्याशा देशात वाहन कशाला लागते, असे वाटेल. आम्हालाही बसवर भागेल असे वाटत होते. पण पाच लाखांवर वस्ती आणि चार लाखांवर वाहने, असा तिथला हिशेब आहे. बस वेळेवर निघते आणि मोटारींच्या रांगेत अडकते. गावे एकमेकांना चिकटलेली, गल्ल्या आपल्या पोळांसारख्या, समोरून गाडी आली तर एकाने मागे जायचे. अशा ठिकाणी बडोदेकराचा हात कुठे जाणार? आम्ही सव्वाशे सीसीची एक सेकंडहँड स्कूटर घेतली. इंग्रजांचे राज्य तिथे 1964 पर्यंत होते, म्हणून वाहने डाव्या बाजूने चालतात. तेवढी एक गोष्ट नव्याने शिकावी लागली नाही.

रस्त्यांबद्दल एक सांगून ठेवतो, कारण इथून जाणारी मुले हे विचारत नाहीत आणि कोणी सांगतही नाही. माल्टा म्हणजे चुनखडीचा एक मोठा दगड. घरे त्याच मधाच्या रंगाच्या दगडाची, शेतांच्या बांधांच्या भिंती त्याच दगडाच्या, आणि पुष्कळ जुन्या रस्त्यांतही तीच खडी. चाकांनी ती घासून गुळगुळीत होते. उन्हाळ्याचे चार महिने पाऊस नाही. वर धूळ, तेल, रबर साचत राहते. मग सप्टेंबरात पहिली सर येते आणि रस्ता साबण लावल्यासारखा होतो. आपल्याकडे पहिला पाऊस म्हणजे भजी आणि मातीचा वास. तिथे पहिला पाऊस म्हणजे स्कूटर घरी आणि आपण बसने, हा नियम आमच्या घरमालकाने पहिल्याच आठवड्यात घालून दिला आणि आम्ही तो तीन वर्षे पाळला.

आता दोन चाकांचा फायदा. मोटारीत माणूस गाव ओलांडतो. स्कूटरवर गावाचा वास आधी येतो. पास्तित्सी नावाचा एक पदार्थ आहे, पापुद्र्यांचा, आत ओले चीज नाहीतर वाटाण्याचे सारण. भट्टीतून काढल्याचा वास कोपऱ्यावरच लागतो. वाटाण्याचा घ्यावा. आपल्या शेवउसळीवर वाढलेल्या माणसाला तो लगेच आपला वाटतो. वाऱ्याचेही तसेच. तिथे वाऱ्यांना नावे आहेत. आग्नेयेकडून येणारा दमट, उबट वारा म्हणजे ‘श्लोक’. ऐकून आम्ही आधी हसलो. तो कधीकधी आफ्रिकेच्या वाळवंटातली तांबडी धूळ घेऊन येतो आणि त्यात पाऊस मिसळला की सकाळी सीटवर गेरू सारवलेला. मच्छीमारांचे एक प्रसिद्ध गाव आहे, मार्साश्लोक. मार्सा म्हणजे बंदर. आग्नेय वाऱ्याकडे तोंड करून बसलेले बंदर. तिथल्या निळ्या-पिवळ्या होड्यांच्या नाळेवर दोन डोळे काढलेले असतात, समुद्रातल्या अरिष्टापासून राखण करणारे.

पाट्या वाचत गेलो तशी ती भाषा हळूहळू उलगडायला लागली. माल्टीज ही मुळात अरबीच्या कुळातली, त्यात इटालियन शब्दांचा मोठा भरणा, आणि लिहायची रोमन लिपीत. देश कॅथलिक, पण देवाला म्हणतात ‘आल्ला’. जुन्या राजधानीचे नाव ‘इम्दीना’, म्हणजे मदिना, शहर. आपल्या मराठीत फारसीच्या वाटेने आलेले अरबी शब्द थोडे आहेत का? त्यामुळे वर्षाला ते ‘सेना’ म्हणाले की आम्हाला आपला ‘सन’ दिसायचा. पुस्तक म्हणजे ‘क्तीब’, जग म्हणजे ‘दिन्या’, आयुष्य म्हणजे ‘हय्या’. किताब, दुनिया, हयात. पाच लाख माणसांची ही भाषा 2004 पासून युरोपीय संघाची अधिकृत भाषा आहे. इंग्रजी सगळ्यांना येते, तरी दुकानात, बसमध्ये, चर्चमध्ये आपापसात बोलायचे ते माल्टीजच. बडोद्यात घरात मराठी आणि ओट्यावर गुजराती बोलून वाढलेल्या आम्हाला याचे मोल कोणी समजावून द्यायला नको होते. आमचे उच्चार ऐकून भाजीवाला हसे, पण टोमॅटो मात्र निवडून देई.

रविवारी सकाळी निघायचे आणि एकच दिशा धरायची, असे आम्ही ठरवून टाकले होते. पश्चिमेला डिंगलीचे कडे आहेत, अडीचशे मीटर उंच, खाली सरळ समुद्र. समोर फिल्फला नावाचा एक खडक पाण्यात दिसतो. ब्रिटिश आरमार त्याच्यावर तोफांची नेमबाजी करायचे. तिथून दक्षिणेला वळले की हाजर ईम आणि इम्नायद्रा ही दोन दगडी देवळे. पाच हजारांहून अधिक वर्षे जुनी, मिसरच्या पिरॅमिडांच्या आधीची. चाकाची, धातूची मदत नसताना एवढाल्या शिळा उभ्या केलेल्या. इम्नायद्राच्या एका देवळाच्या दारातून विषुवदिनी उगवत्या सूर्याचा किरण सरळ आतपर्यंत जातो. पाऊस-वाऱ्यापासून जपायला 2009 मध्ये दोन्हीवर तंबूसारखी छते घातली. फोटोत ती विद्रूप दिसतात, पण त्यांच्या सावलीत उभे राहिल्यावर आमची तक्रार उरली नाही.

उत्सवाबद्दल मात्र जरा सविस्तर बोलायला हवे. एकतर आपला गणेशोत्सव तोंडावर आहे, आणि दुसरे म्हणजे असे सार्वजनिक वेड आम्हाला आपल्याखेरीज दुसरीकडे कुठे भेटले नव्हते. उन्हाळाभर तिथे दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या गावाच्या संताचा उत्सव असतो. त्याला ‘फेस्टा’ म्हणतात. रस्त्यांवर पताका, चर्चच्या दर्शनी भिंतीवर दिव्यांच्या माळा, संताची मूर्ती खांद्यावर घेऊन मिरवणूक, पुढे बँड, सज्जांतून कागदाच्या कपट्यांचा पाऊस. गावोगाव बँड क्लब आहेत आणि पुष्कळ गावांत दोन-दोन. म्हणजे दोन मंडळे! दोघांचे रंग वेगळे, वर्गणी वेगळी, आणि वैर पिढीजात. आमच्या कचेरीतले दोन सख्खे साडू एकमेकांशी वर्षभर नीट बोलत आणि उत्सवाच्या आठवड्यात एकमेकांच्या गल्लीत पाऊल टाकत नसत. कोणाची रोषणाई वरचढ, कोणाचा बँड जोरात, कोणाची आतषबाजी सरस! आमच्यापुढे थेट दांडिया बाजारच उभा राहिला. आतषबाजीचा कारखाना गावातले हौशी लोक स्वतः चालवतात. वर्षभर सुटीच्या दिवशी जाऊन दारू कुटायची, नळ्या भरायच्या. अपघात होतात, माणसे जातात, त्यांच्या नावांच्या पाट्या लागतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. याचे कौतुक करावे की नाही, यावर आमच्या दोघांत अजूनही एकमत नाही.

सगळ्यात मोठा दिवस 15 ऑगस्ट, सांता मारिया. आपला स्वातंत्र्यदिन, आणि तिथे एकाच वेळी कितीतरी गावांत उत्सव. त्या तारखेला आणखी एक आठवण जोडलेली आहे. 1942 मध्ये जर्मन आणि इटालियन बॉम्बफेकीने बेट भाजून निघाले होते, अन्न आणि इंधन संपत आले होते. चौदा मालवाहू जहाजांचा तांडा निघाला, त्यातली पाचच पोहोचली. शेवटचे होते तेलाचे ओहायो, मोडून पडलेले, दोन युद्धनौकांच्या मध्ये बांधून ओढत आणलेले. ते बंदरात शिरले तो 15 ऑगस्टचा दिवस. त्याच वर्षी 9 एप्रिलला मोस्टा गावाच्या चर्चचा घुमट फोडून एक बॉम्ब आत पडला होता. आत प्रार्थनेला सुमारे तीनशे माणसे. बॉम्ब फुटला नाही. तिथे आता त्याची प्रतिकृती ठेवली आहे. मोस्टाच्या सांता मारियाच्या मिरवणुकीत आम्ही त्या घुमटासमोर उभे होतो. शेजारच्या आजींनी हातात बदामाच्या नुगाचा तुकडा ठेवला आणि विचारले, ‘तुमच्या गावचा संत कोण?’ आम्ही गणपती म्हटले. हत्तीचे तोंड, मोदक, दहा दिवस, मग पाण्यात विसर्जन, असे सगळे समजावून सांगितले. त्यांना विसर्जन तेवढे पटले नाही. ‘एवढी चांगली मूर्ती बुडवता?’

आजींचा तो प्रश्न तिथे ओळखीचा होता. तुमचे गाव कुठले, संत कोण, क्लब कुठला, यावरून माणूस ओळखायचा. मग बाहेरून आलेल्याचे काय? व्हॅलेटामध्ये एका कापडाच्या दुकानात गेलो. मालक आपल्यासारखाच दिसणारा, म्हणून हिंदीत विचारले, कुठले आपण? ते म्हणाले, ‘व्हॅलेटाचा.’ थोडे थांबून पुढे, ‘पणजोबा सिंधमधून आले.’ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सिंधी व्यापारी तिथे आहेत. आधी खलाशांना आणि प्रवाशांना रेशीम, हस्तिदंती वस्तू विकायचे, पुढे कापडात उतरले. गिऱ्हाइकाशी ते माल्टीज बोलत होते आणि आतल्या खोलीतल्या बायकोशी सिंधी. बडोद्यात आम्हाला कोणी ‘तुम्ही मूळचे कुठले’ असे विचारले की आम्हीही आधी बडोद्याचेच सांगतो आणि रत्नागिरी मागाहून. त्या गृहस्थांनी चहा पाजला आणि कापडावर सूट मात्र दिली नाही.

आणि दुसरे, आत्ताचे आलेले. आपली मुले. माल्टाच्या रस्त्यांवर पाठीला चौकोनी पेटी लावून मोपेडवरून जेवण पोहोचवणारी जी मुले दिसतात, त्यांत आपल्या देशातली पुष्कळ आहेत. एकदा सिग्नलला शेजारच्या मोपेडवाल्याचे फोनवरचे गुजराती कानावर पडले. आणंद जिल्ह्यातला. ‘केम छो’ म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला तो आम्हाला अजून दिसतो. दर आठवड्याला साठ-सत्तर तास काम. मजुरी दर ऑर्डरमागे. त्यातला मोठा वाटा ज्या मधल्या माणसाच्या नावावर काम चालते त्याचा. इथल्या एजंटाला दिलेले कर्ज वेगळे. नोकरी सुटली की दुसरी शोधायला मोजके दिवस, कारण राहण्याचा परवाना मालकाला बांधलेला. 2022 मध्ये या मुलांनी संप केला, तेव्हा कुठे तिथल्या वर्तमानपत्रांत त्यांच्याविषयी छापून आले. त्याला बेट आमच्यापेक्षा शंभरपटीने पाठ होते: कुठल्या इमारतीची लिफ्ट बंद, कुठल्या घरात कुत्रा, कुठे घरांना नंबरच नाहीत, नुसती नावे. पण दीड वर्षात तो गोझोला गेला नव्हता. डिंगलीचे कडे त्याला माहीत नव्हते, कारण तिथून ऑर्डर येत नाही.

एका रविवारी त्याला म्हटले, पेटी घरी ठेव आणि चल. त्याची मोपेड आणि आमची स्कूटर चिर्केव्वाच्या धक्क्यावरून बोटीत चढवली. पंचवीस मिनिटांत पलीकडे. जाताना तिकीट नाही, पैसे परत येताना घेतात. ‘काका, परत यायचंच नसेल तर?’ तो म्हणाला. गोझोला स्थानिक लोक ‘आउदेश’ म्हणतात. डोंगरावर किल्ला आहे. 1551 मध्ये तुर्कांचा चाच्यांसह हल्ला झाला, तेव्हा बेटावरची जवळजवळ सगळी वस्ती, सुमारे पाच हजार माणसे, गुलाम करून नेली. त्यानंतर कितीतरी वर्षे लोकांनी रात्री किल्ल्यातच झोपायचे, असा कायदा होता. हे ऐकताना तो गप्प होता. उत्तरेला समुद्राकाठच्या खडकात कोरलेली मिठागरे आहेत, चौकोनी खाचा, उन्हात पांढऱ्या शुभ्र. तिथे मात्र त्याने फोन काढून आईला दाखवले, ‘आ तो आपणा खंभात जेवुं!’ माय-लेकांचे बोलणे बराच वेळ चालले. आम्ही बाजूला बसून ब्रेडमध्ये टोमॅटो-ऑलिव्ह घातलेली फ्तीरा खाल्ली. नंतर तो आणखी दोघा मित्रांना घेऊन स्वतःच गोझोला जाऊन आला, असे त्याने आम्हाला कळवले. सध्या तो एका बेकरीत कामाला आहे.

मंडळातल्याही दोन-तीन घरांतून मुलांची जायची बोलणी चालली आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे. त्यांनी घरी यावे. मजुरी कशी ठरते, कोण किती कापतो, करार कुठल्या भाषेत आणि कोणाच्या नावाचा असतो, हे आम्ही पाहिले तसे सांगू. एजंटाला पैसे द्यायच्या आधी यावे, नंतर नव्हे.

तिथे गणपती बसतो का, असे इथे बसलेल्या वहिनी मघाशी विचारत होत्या. आमच्या घरी बसत होता, दीड दिवसाचा, शाडू नेला नव्हता म्हणून तिथल्याच कुंभारकामाच्या मातीचा. विसर्जन बादलीत आणि ते पाणी घरमालकाच्या लिंबाच्या झाडाला. त्या बेटांवर नदी नाही, निम्म्याहून अधिक पिण्याचे पाणी समुद्राचे खारेपण काढून करतात, तेव्हा बादलीभर पाण्यालाही तिथे हिशेब आहे.

आता पुढचे दिवे मालवावेत. पंचेचाळीस छायाचित्रे आहेत. पहिल्यात जी लाल स्कूटर दिसेल तिच्या मागच्या चाकाशी मांजर झोपले आहे, ते आमचे नाही, गल्लीचे आहे.