कोंबडीच्या ताटात काय: सुकट, रेशीमकिडा की माशीची अळी?

ज्यांना ऐकायला वेळ नाही, रेंज नाही किंवा दिवसाचा डेटा संपलाय, त्यांच्यासाठी हा आजच्या एपिसोडचा मजकूर.

सुरुवातीला एक प्रश्न. कोंबडी शाकाहारी की मांसाहारी? गावात उकिरड्यावर कोंबड्या बघितलेला कुणीही सांगेल, ती किडा सोडत नाही. गांडूळ, वाळवी, नाकतोडा, सापडेल ते गट्टम. पण शेडमधली कोंबडी मात्र जवळजवळ शाकाहारी झालीय. मका आणि सोयापेंड, झालं जेवण.

हे झालं कसं? पूर्वी असं दिसायचं की नुसत्या धान्या-पेंडीवर पिल्लं नीट वाढत नाहीत, थोडी मासळी किंवा मांस घातलं की वाढतात. मांसात असं काय आहे ते कळत नव्हतं. 1948 साली बी-12 जीवनसत्त्व वेगळं काढलं गेलं आणि कोडं बरंचसं सुटलं. पुढे बी-12 आणि मिथिओनिन नावाचं अमिनो आम्ल कारखान्यात बनू लागलं. सोयापेंडीत प्रोटीन भरपूर, पण मिथिओनिन कमी. ते वरून घातलं की काम भागतं.

मग अडचण कुठे आहे? खिशात. कोंबडीपालनाच्या एकूण खर्चात खाद्याचाच वाटा दोन तृतीयांशाच्या आसपास असतो. 2021 चा उन्हाळा-पावसाळा आठवा. सोयाबीन क्विंटलला 10 हजारांच्या घरात गेलं, पेंडही कडाडली. पोल्ट्रीवाले ओरडले आणि ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने 12 लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. नवीन माल बाजारात येता येता सोयाबीनचे भाव कोसळले, मग शेतकरी ओरडला. आपल्याकडे कित्येक घरांत एक भाऊ सोयाबीन पेरतो आणि दुसरा शेड चालवतो. म्हणजे भांडण एकाच घरात! म्हणूनच पेंडीला थोडा तरी पर्याय हवा.

पहिला पर्याय, मासळी. कोकणात सुकटीचा चुरा कोंबड्यांना घालणं नवीन नाही. चांगल्या फिशमीलमध्ये 60 टक्क्यांच्या आसपास प्रोटीन असतं, मिथिओनिनही चांगलं. पण स्वस्त माल घ्याल तर त्यात वाळू आणि मीठ निघतं. एक सोपी तपासणी सांगतो: मूठभर चुरा ग्लासभर पाण्यात टाका, ढवळा आणि थांबा. वाळू लगेच तळाला बसते. मीठ जास्त असेल तर कोंबड्या पाणी पीत सुटतात आणि विष्ठा पातळ होते. आणि हो, प्रमाण वाढलं की अंड्याला वास येतो. गिऱ्हाईक परत येत नाही. शिवाय फिशमीलसाठी मासळीची लहान पिल्लंही ओढली जातात, त्याचा फटका मच्छीमारालाच बसतो.

दुसरा पर्याय, रेशीमकिडा. कोषातून धागा काढला की आत प्यूपा उरतो. वाळवलेल्या प्यूपात निम्म्याच्या आसपास प्रोटीन असतं. जालना, बीडकडे रेशीमशेती वाढलीय, त्यामुळे धागा काढण्याचं युनिट जवळ असेल तर चौकशी जरूर करा. फक्त त्यात तेल बरंच असतं, म्हणून ते लवकर खवट होतं. ताजं घ्या, कडक वाळवा, साठवून ठेवू नका.

तिसरा पर्याय म्हणजे सध्या रील्समध्ये फिरणारी ब्लॅक सोल्जर फ्लाय. ही घरमाशी नव्हे. मोठी माशी अन्नावर घोंगावत नाही. जेवढे दिवस जगते त्यात जोडी जमवते, शेकडो अंडी घालते आणि मरते. खादाड असते ती अळी. ओल्या कचऱ्यावर ती दोन-अडीच आठवड्यांत तयार होते. वाळवली की सुमारे 40 टक्के प्रोटीन, वर चरबी आणि भरपूर कॅल्शियम.

आता रील्समध्ये न सांगितलेला हिशोब करू. तुमच्याकडे 100 लेअर आहेत. दिवसाला 110 ग्रॅम धरलं तर 11 किलो खाद्य. त्यातलं फक्त 10 टक्के अळीवर आणायचं म्हटलं तरी 1.1 किलो सुकी अळी लागते. ओल्या अळीत दोन तृतीयांश पाणी, म्हणजे सव्वातीन किलो ओली अळी रोज. त्यासाठी साधारण 20 किलो ओला कचरा. रोज, एक दिवसही खाडा न करता! शेजारी खानावळ असेल, मंडई असेल तर जमेल. नुसत्या पालेभाजीच्या देठांवर अळी लहान राहते. थंडीत वाढ मंदावते. म्हणून "फुकटात खाद्य" असं सांगून महागडं किट विकणाऱ्याला आधी एवढंच विचारा: कचरा कुठून आणू आणि डिसेंबरात काय करू?

आणखी एक गोष्ट, ही गंमतीत घेऊ नका. ब्रिटनमध्ये 1986 साली गायींमध्ये मॅड काऊ रोग ओळखला गेला. गायींना गायींच्याच मांस-हाडांची पावडर खाऊ घातल्याने तो पसरला होता. त्यानंतर युरोपने प्राण्यांपासूनच्या प्रोटीनवर कडक बंदी आणली. कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात कीटकांचं प्रोटीन चालेल, हे युरोपीय संघाने थेट 2021 मध्ये मान्य केलं, तेही अळीला विष्ठा किंवा हॉटेलचं खरकटं घालायचं नाही या अटीवर. आपण निदान एवढं पाळू: मेलेली कोंबडी, कोंबडखत किंवा कत्तलखान्याचा कचरा अळीला घालायचा नाही. अळी जे खाते त्यातलं थोडं पुढे तुमच्या अंड्यात येतं.

मग करायचं काय? 20-25 गावरान कोंबड्या असतील तर दोन बादल्यांत अळी करून बघा. परसातल्या कोंबडीला मूठभर अळी खूप झाली. मोठी शेड असेल तर पेंड एकदम बंद करू नका. आधी पर्यायाचं प्रोटीन प्रयोगशाळेत तपासून घ्या, मग 20 कोंबड्यांचा वेगळा कप्पा करून महिनाभर अंडी आणि वजन वहीत लिहा. वही खोटं बोलत नाही.

तुमच्या भागात कोंबड्यांना काय घालतात, ते व्हॉइस नोट करून पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!