मावळे रंगवताना

हलकं धान पिवळं पडायला लागलं आहे. पंधरा-वीस दिवसांत विळे बाहेर निघतील, मग दिवाळी, मग मंडई, मग पाहुणे. तेव्हा कोणाला कोणाचं ऐकायला वेळ राहणार नाही, म्हणून आत्ताच बोलून घेतो. आजचा विषय कर्जाचा नाही, हप्त्याचा नाही, लोणच्या-पापडाचाही नाही. मातीचे मावळे करायचे, ते रंगवायचे आणि किल्ल्यावर त्यांची लढाई खेळायची, असा नाद आमच्या गटातल्या आठ-नऊ जणींना लागला आहे. त्याबद्दल बोलायचं आहे, आणि त्यात आमच्या हातून झालेल्या एका चुकीबद्दलही.

दिवाळीत अंगणात किल्ला करायची चाल मुळात पुणे, सातारा, कोल्हापूरकडची. आमच्या लहानपणी आपल्या झाडीपट्टीत ती फारशी नव्हती. आपल्याकडे रंगवायचा तो तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी. त्याची शिंगं रंगवली, चाकं घातली, झूल चढवली की पोट्टे घरोघरी बोजारा मागत फिरायचे. किल्ला आला तो शाळेतून आणि टीव्हीवरून. पहिली दोन-तीन वर्षं तो मुलग्यांनीच केला. दगड त्यांनी आणायचे, माती त्यांनी कालवायची, आणि मुलींनी पुढे रांगोळी काढायची. किल्ल्यावर बाई असलीच तर डोक्यावर मडकं घेतलेली गवळण. महाराज सिंहासनावर, मावळे बुरुजावर, आणि गवळण आपली सदा पायथ्याशी.

बाजारात मिळणारे मावळे बहुतेक प्लास्टर ऑफ पॅरिसचे, साच्यातून काढलेले. कोणाचा एक डोळा कपाळावर, कोणाची मिशी गालावर. ते पाहून आमच्यातली एक म्हणाली, याहून बरे तर आपण करू. मातीची काही आपल्याकडे कमी नाही. बोडीच्या काठची चिकण माती आणली, चाळली, दोन दिवस भिजवली, कापूस घालून मळली. कापूस घातला की सुकताना तडा जात नाही. एका बोटाएवढा मावळा. त्याहून लहान केला तर हात मोडतो, मोठा केला तर किल्ला त्याच्यापुढे घरकुलासारखा दिसतो. सावलीत सुकवायचे. उन्हात ठेवलेले आमचे पहिले अकरा फुटले.

रंगवण्याचं थोडं सविस्तर सांगतो, कारण विचारणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. आधी सगळ्या अंगाला पांढऱ्या रंगाचा एक पातळ हात द्यायचा, नाहीतर माती वरचा रंग पिऊन टाकते. मग अंगरखा, मग पागोटं, मग कातडी. जाड एक हात देण्यापेक्षा पातळ दोन हात द्यावेत. जाड रंगाने नाक-डोळे बुजतात, हे आम्ही वीसेक चेहरे वाया घालवून शिकलो. रंग सुकला की तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ करून वरून फिरवायचा. तो अंगरख्याच्या चुण्यांत, बोटांच्या फटीत जाऊन बसतो आणि मावळा एकदम जिवंत दिसतो. नंतर ब्रश फडक्यावर पुसून, जवळजवळ कोरडाच, उंच भागांवर फिकट रंगात फिरवायचा. पागोट्याचे पेच लगेच उठून येतात. झालर काढायला आम्ही मेंदीच्या कोनात रंग भरतो, आणि डोळे सगळ्यात शेवटी, खराट्याच्या काडीने. पोस्टरचा रंग असेल तर वरून वॉर्निश हवंच. नाहीतर दवाने एका रात्रीत सगळी फौज रडते.

एक मावळा पुरा व्हायला दोन तास लागतात. साहजिकच पुढच्या बैठकीत प्रश्न आला, विकायचे का? आम्ही हिशेब मांडला. दोन तासांची मजुरी धरली तर साच्यातल्या मावळ्याच्या भावात आपला मावळा परवडत नाही, आणि मजुरी सोडून विकायचा तर रंगवायचाच कशाला? बराच वाद झाला. शेवटी ठरलं, की प्रत्येकीने दहा रुपये काढायचे, त्यातून रंग आणायचा आणि मावळे विकायचे नाहीत. बचत गटाच्या बायका काहीही करायला बसल्या की लोक आधी विचारतात, यातून मिळतं किती. पुरुष पिंपळाच्या पारावर पत्ते कुटतात तेव्हा त्यांना हे कोणी विचारल्याचं आम्ही ऐकलेलं नाही.

आता खेळ. किल्ला झाला, मावळे उभे केले, दोन दिवस पाहून झाले, आता पुढे काय? एका मुलीने सुचवलं, यांना चालवू या. मग नियम बसवले. पाळीगणिक एक मावळा एक वीत चालणार, चढावर अर्धी वीत. पहिल्याच संध्याकाळी भांडण झालं, कारण सहावीतल्या पोराची वीत आणि आमच्या सर्वात थोराड काकूंची वीत यांत चार बोटांचा फरक. तेव्हापासून काकूंच्या विताएवढी एक काडी तोडून ठेवली आहे, तीच सरकारी वीत. वार लागला की नाही हे चिंचोक्यांवर ठरतं. पाच फोडलेले चिंचोके टाकायचे, तीन किंवा जास्त पांढरे पडले तर समोरचा पडला. मध्ये झाड किंवा तट असेल तर चार लागतात. एवढ्या नियमांत दीड तास सहज जातो.

"पोट्ट्यांचे खेळ का खेळून राहिल्या जी?" असं येता-जाता लोक म्हणायचे. म्हणू देत. लढाई पाटावर मांडून खेळणं ही मोठ्यांचीच गोष्ट आहे. आपलं बुद्धिबळ दुसरं काय आहे? हत्ती, घोडे, उंट, प्यादी, ही फौजच की. दोनशे वर्षांपूर्वी, १८२४ च्या सुमारास, जर्मनीतल्या प्रशियाच्या सैन्यात राइस्विट्झ नावाच्या अधिकाऱ्याचा नकाशावर फासे टाकून खेळायचा लढाईचा खेळ अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी घेतला गेला. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने शिशाच्या खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम पुस्तकात छापले. आज जगात किती तरी मोठी माणसं २८ मिलिमीटरचे शिपाई रंगवतात आणि टेबलावर लढाया खेळतात. वेल्सच्या पुस्तकाच्या लांबलचक नावात लिहिलं होतं, की हा खेळ बारा वर्षांपासून दीडशे वर्षांपर्यंतच्या मुलग्यांसाठी आहे, आणि मुलांचे खेळ आवडणाऱ्या जरा जास्त हुशार मुलींसाठी. म्हणजे मुलग्याला वय झालं की पुरे, मुलीने आधी हुशार ठरायचं. हे आम्ही बैठकीत सांगितलं तेव्हा काकू म्हणाल्या, मंग आपण दीडशेपर्यंत खेळू.

गेल्या दिवाळीत आम्ही पावनखिंड मांडली. गोष्ट तुम्हाला माहीत आहे. १६६० साल. सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा. महाराज रात्री निसटून विशाळगडाकडे निघाले, सिद्दी मसूद मागे लागला, आणि बाजीप्रभू मोजक्या मावळ्यांनिशी खिंड अडवून उभे राहिले, ते महाराज गडावर पोचल्याच्या तोफा ऐकू येईपर्यंत. खेळायला याहून चांगली लढाई नाही. एका बाजूला माणसं थोडी पण जागा अरुंद, दुसऱ्या बाजूला माणसं भरपूर पण वेळ कमी. आम्ही बारा पाळ्या ठरवल्या. बारा पाळ्या खिंड टिकली की तोफ, म्हणजे थाळीवर चमचा.

अडचण एकच होती. मसूदच्या बाजूने खेळायला कोणी तयार नव्हतं.

आमच्या गटात एक मुसलमान मैत्रीण आहे. तिचा मुलगा सातवीत. पहिल्या संध्याकाळी पोरं त्याला म्हणाली, तू तिकडचा. दुसऱ्या संध्याकाळी तेच. तिसऱ्यालाही तेच. चौथ्या दिवशी तो आला नाही. आमच्या लक्षातही आलं नाही, खरं सांगतो. पाचव्या दिवशी त्याची आई रंग लावता लावता मान वर न करता म्हणाली, "माझा पोट्टा रोज मरून राहिला जी तुमच्या खेळात."

आम्ही काय म्हटलं? "खेळ आहे वं, मनावर काहून घेतेस?" तिने ब्रश धुतला, ठेवला आणि घरी गेली.

त्या रात्री डबा उघडून आम्ही तिकडच्या बाजूचे सगळे मावळे ओळीने मांडले. सतरा होते. सतराच्या सतरा हिरवे. भुवया वर गेलेल्या, डोळे लाल, तोंडं वाकडी. आमच्या बाजूच्यांचे चेहरे मात्र शांत, कपाळावर गंध. हे पोरांनी केलं नव्हतं. आम्ही केलं होतं, दोन-दोन तास बसून, बारीक काडीने, हौसेने. कोणी सांगितलं होतं आम्हाला तसं रंगवायला? कोणीही नाही. हात आपोआप तिकडे गेला.

मग तालुक्याच्या वाचनालयातून पुस्तकं आणली आणि पावनखिंडीचीच हकीकत नीट वाचली. महाराज विशाळगडाखाली पोचले तेव्हा त्या गडालाही वेढा होता, आणि तो घातला होता सूर्यराव सुर्वे आणि पालवणचे जसवंतराव दळवी यांनी. दोघेही मराठे, आदिलशाहीच्या बाजूचे. आणि पन्हाळ्याचा वेढा फोडायला नेतोजी पालकरांबरोबर जो गेला तो सिद्दी हिलाल, महाराजांच्या बाजूचा. त्या लढाईत त्याचा मुलगा वाहवाह जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. महाराजांच्या पायदळाचा सरनोबत नूरबेग होता, आरमारात दौलतखान होता. म्हणजे खिंडीच्या दोन्ही बाजूंना दोन्ही नावांची माणसं. मग आमचे सतरा हिरवे कुठून आले?

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी तिच्या घरी गेलो. चूक झाली म्हटलं. ती फार काही बोलली नाही. चहा दिला. निघताना एवढंच म्हणाली, "रंग खरवडू नका, माती निघते. वरून पांढरा हात द्या." ती आमच्यात सगळ्यात चांगली रंगवते.

सतराही पुन्हा पांढरे केले. पण दोन बाजू ओळखायच्या कशा? तोडगा तिनेच काढला. मावळ्याच्या पायाखाली जी मातीची टिकली असते, तिची फक्त कड रंगवायची. एका बाजूची गेरूची, दुसऱ्या बाजूची निळीची. वरचा माणूस कसाही असो, अंगरखा धुळकट पांढरा, पागोटं ज्याला जे आवडेल ते. कड पुसली की तोच मावळा उद्या दुसऱ्या बाजूला. आणि कोण कोणत्या बाजूने, ते चिठ्ठी टाकून.

हे सगळ्यांना आवडलं असं नाही. एक पालक आले आणि म्हणाले, माझा मुलगा महाराजांच्या विरुद्ध खेळणार नाही. रागावलेच होते. आम्ही म्हटलं, दादा, नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये जॉर्जियात महिलांचा बुद्धिबळाचा विश्वचषक जिंकला, तिलाही कधी काळ्या सोंगट्या घ्याव्याच लागतात. ते म्हणाले, बुद्धिबळ वेगळं. असेलही. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं आहे असं आम्हालाही वाटत नाही. खिंड पडली की आमच्याही पोटात कालवतं. मुलाला मात्र त्यांनी पाठवलं. त्या दिवशी त्याची चिठ्ठी निळ्या कडेची निघाली, त्याने अकराव्या पाळीत खिंड फोडली आणि नंतर स्वतःच रडला.

आमच्या मैत्रिणीचा मुलगा सुटी संपायच्या आदल्या दिवशी आला. खेळला नाही. कोपऱ्यात बसून घोडे रंगवत राहिला. यंदा येईल का, ते अजून सांगत नाही.

यंदा आम्ही पावनखिंड करणार नाही. अंबागड करणार आहोत, आपल्या तुमसर तालुक्यातला. रायगड, प्रतापगड सगळे करतात, आणि आपल्या जिल्ह्यातला किल्ला पोरांनी पाहिलेलाही नसतो. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह, ज्याने नागपूर वसवलं, त्याचा राजखान नावाचा पठाण सरदार होता. त्याने १७०० च्या सुमारास हा किल्ला बांधला असं सांगतात. तिथे कोणती लढाई मांडायची यावर अजून एकमत नाही. काकूंचं म्हणणं, लढाई नकोच, बांधकाम मांडू. दगड वाहणाऱ्या बाया, बैलगाड्या, मुकादम. तान्ह्या पोळ्याचे नंदी तरी कामी येतील. मुलींना लढाईच हवी आहे. आणि बुरुजावर बाई हवी, हातात मडकं नसलेली, हे मात्र ठरलं आहे.

कापणी लागायच्या आधी, येत्या दोन रविवारी दुपारी आम्ही समाजमंदिरात माती मळायला बसणार आहोत. ज्यांना यायचं त्यांनी या, पोरांना घेऊन या. ब्रश आहेत, रंग आहेत. चिंचोके तेवढे आणा. आमचे गेल्या वर्षीचे उंदरांनी नेले.